गरम आणि गंजणाऱ्या जागी स्टेनलेस नट-बोल्ट कोणते लावावेत? सोलापूरच्या प्रोसेस हाउस, साखर कारखाने आणि बॉयलर खात्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतली रंगाई-धुलाईची युनिट्स, जिल्हाभरातले साखर कारखाने, त्यांच्या डिस्टिलऱ्या, आणि जिथे जिथे बॉयलर किंवा थर्मिक फ्लुइड हीटर चालतो ती खाती, यांच्या मेंटेनन्स आणि खरेदी विभागांकडून येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. दुकानात नुसते "एसएसचा बोल्ट द्या" म्हटले की बहुतेक वेळा हातात ३०४ ग्रेडचा स्टेनलेस बोल्ट पडतो. गार आणि कोरड्या जागी तो वर्षानुवर्षे टिकतो. उष्णता, क्लोराइड आणि ताण एकाच ठिकाणी आले की तोच बोल्ट गंजाचा डागही न दाखवता तुटतो. म्हणून ग्रेड ठरवण्याआधी जागा नीट पाहावी लागते.

### ३०४ घ्यावा की ३१६?

आधी तीन गोष्टी लिहून काढा: बोल्टच्या अंगाचे तापमान (आतल्या द्रवाचे नव्हे), त्याला लागणारे रसायन, आणि तो कोणत्या धातूच्या फ्लँज (पाइपच्या टोकांना असलेल्या जोडकडा) आवळणार आहे. तिसरी गोष्ट बहुतेक जण विचारतच नाहीत, आणि गळतीच्या निम्म्या तक्रारी तिथेच उगवतात.

३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ३१६ मध्ये त्यासोबत २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते. या मॉलिब्डेनममुळे क्लोराइडने पडणारे खड्डे, म्हणजे पिटिंग, बरेच कमी होते. उष्णतेत मात्र ३१६ हा ३०४ पेक्षा फारसा सरस नाही. गरम मिठाच्या पाण्यात तडकण्याचा जो आजार आहे, त्यातूनही तो पूर्ण सुटत नाही. त्यामुळे "३१६ लावला की निश्चिंत" हा समज सोडून द्या.

### बोल्टच्या डोक्यावरचे ए२-७०, ए४-८०, बी८एम हे काय असते?

ए२ म्हणजे ३०४ च्या घराण्यातला आणि ए४ म्हणजे ३१६ च्या. पुढचा आकडा ताकदीचा: ७० म्हणजे किमान ७०० एमपीए (मेगापास्कल, ताणाचे एकक) ताणशक्ती आणि ४५० एमपीए प्रूफ स्ट्रेस, म्हणजे ज्याच्या पुढे बोल्ट कायमचा लांबतो तो ताण. ८० म्हणजे ८०० आणि ६००. ५० चा बोल्ट मऊ असतो, ५०० आणि २१०. ए१ हा सहज कापला जावा म्हणून गंधक घातलेला प्रकार आहे. गंजणाऱ्या जागी तो मुळीच वापरू नका.

बी८ (३०४) आणि बी८एम (३१६) हे एएसटीएम ए१९३ मधले ग्रेड, प्रेशर वेसल आणि पाइपलाइनसाठी. त्यांचे दोन क्लास असतात. क्लास १ नरम केलेला, ताणशक्ती ५१५ आणि यील्ड (प्रूफ स्ट्रेससारखीच मर्यादा) २०५ एमपीए. क्लास २ थंड ओढून कडक केलेला, आणि त्याच्या डोक्यावरच्या खुणेखाली रेघ असते. एकाच डब्यात दोन्ही मिसळले तर ती रेघ पाहूनच वेगळे काढता येतात. क्लास १ च्या स्टडला (डोके नसलेला, आट्यांचा दांडा) क्लास २ चा टॉर्क, म्हणजे आवळण्याचा पीळ, दिला तर तो लांबतो आणि परत येत नाही.

### रंगाई खात्यातले बोल्ट गंज न दिसता तुटून पडतात. असे का होते?

हा स्ट्रेस कोरोजन क्रॅकिंगचा प्रकार आहे. रंगाईत याच्याइतका फसवा बिघाड दुसरा नाही. त्याला तीन गोष्टी लागतात: सतत ताण, क्लोराइड आणि साधारण ६० अंशांपुढचे तापमान. बोल्ट आवळलेला असतो म्हणजे ताण कायमचाच. रिॲक्टिव्ह रंगाईचे बाथ, म्हणजे रंगाचे पाणी, ६० ते ८० अंशांवर चालते. राहिले क्लोराइड.

त्याचा हिशेब करून पाहा. गडद शेडसाठी लिटरला ६० ग्रॅम मीठ घातले तर त्यात क्लोराइड सुमारे ३६ ग्रॅम येते. समुद्राच्या पाण्यात ते लिटरला साधारण १९ ग्रॅम असते. म्हणजे सोलापुरात, किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, रंगाईच्या जेट मशीनच्या पोटात समुद्राच्या जवळपास दुप्पट खारे पाणी फिरत असते. त्यातच एखाद्या गॅस्केटमधून (दोन फ्लँजमधली गळती रोखणारी चकती) थेंब-थेंब बाहेर येऊन गरम बोल्टवर पडला की पाणी उडून जाते, मीठ राहते. दुसरा थेंब, पुन्हा तेच. आठवडाभरात डोक्याखालच्या खाचेत बाथपेक्षा कितीतरी तीव्र खार साठतो. म्हणूनच बाथमध्ये बुडालेला बोल्ट टिकतो आणि बाहेर पाझराखाली बसलेला तडकतो.

तुटलेला तुकडा फेकू नका. धुऊन उजेडात धरा. अंग कुठेही बारीक झालेले नसते, आटे शाबूत असतात, वरून चकाकीही असते. काप बहुतेक वेळा डोक्याखालच्या वळणावर किंवा नटाच्या आत शिरलेल्या पहिल्या आट्यावर पडतो. भिंगातून पाहिले तर मुख्य भेगेतून झाडाच्या मुळांसारखे बारीक फाटे निघालेले दिसतात. तेच बोल्ट जास्त आवळून तुटला असता तर मान बारीक झालेली दिसली असती. थरथरीने तुटला असता तर कापावर एकामागून एक अर्धगोल रेषा उठल्या असत्या. त्याच फ्लँजवरचे बाकीचे बोल्ट काढून लाल डाय पेनिट्रंट (भेगेत शिरून ती दाखवणारा रंग) मारा. एकाला भेग असली की शेजाऱ्यांनाही बहुधा असतेच, म्हणून सगळा संच बदला. एकेक बदलण्यात पैसे वाचत नाहीत.

### मग तिथे काय लावायचे?

पहिला उपाय बोल्टाचा नाही, पाझराचा आहे. गॅस्केट बदला, ठिबक बंद करा, आठवड्यातून एकदा सांध्यावर साधे पाणी मारून मीठ धुऊन टाका. धुण्यासाठी बोअरचे पाणी वापरणार असाल तर त्यातले क्लोराइड तपासून घ्या. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटरच्या एका आकड्यावर समाधान मानू नका, कारण टीडीएसमध्ये कडकपणाचे क्षारही मोजले जातात आणि क्लोराइड किती ते वेगळे कळत नाही.

जिथे रेसिपी परवानगी देते तिथे मिठाऐवजी ग्लॉबर सॉल्ट वापरल्यास क्लोराइडचा भार एकदम उतरतो, कारण ते सोडियम सल्फेट आहे. हा निर्णय रंगाई मास्तरांचा, पण मेंटेनन्सने त्यांच्यासमोर तो मांडायला हवा.

बोल्टाबद्दल म्हणाल तर २२०५ डुप्लेक्स (दोन प्रकारच्या रचना एकत्र असलेले स्टेनलेस) हा चांगला पर्याय. पिटिंगला तोंड देण्याची क्षमता मोजण्याचा एक आकडा असतो, क्रोमियम, मॉलिब्डेनम आणि नायट्रोजनवरून काढलेला. तो ३०४ चा १८-१९, ३१६ चा २४ च्या आसपास आणि २२०५ चा ३५ च्या आसपास येतो. तडकण्यालाही डुप्लेक्स बराच जास्त काळ पुरून उरतो आणि ताकदही जास्त असते. मर्यादा एकच: २५० ते ३०० अंशांच्या पुढे तो वापरू नका. बराच काळ तिथे राहिला की ठिसूळ होतो.

रेझिन फिनिशिंग करणाऱ्यांना वेगळा इशारा. कॅटलिस्ट म्हणून मॅग्नेशियम क्लोराइड वापरत असाल आणि त्याचा तुषार स्टेंटरच्या (कापड ताणून सुकवणारे यंत्र) गरम चेंबरमधल्या बोल्टांवर बसत असेल, तर ते सगळ्यात वाईट मिश्रण आहे. स्टेनलेस किती लवकर तडकते हे प्रयोगशाळेत तपासायला १५५ अंशांवर उकळणारे मॅग्नेशियम क्लोराइडच वापरतात.

### हायपो, कॉस्टिक आणि पेरॉक्साइडसाठी?

हायपोला (सोडियम हायपोक्लोराइट) ना ३०४ पुरतो ना ३१६. क्लोरीन ब्लीचच्या टाकीत आणि डोसिंग लाइनवर ३१६ च्या बोल्टाला काही दिवसांत सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडू लागतात आणि आतून पोकळ होत जातात. तिथे टायटॅनियम किंवा हॅस्टेलॉय सी-२७६, नाहीतर फायबर-प्लास्टिकची फ्लँज घेऊन बोल्ट ओलाव्यापासून पूर्ण बाहेर ठेवण्याची रचना करा.

कॉस्टिक (कॉस्टिक सोडा) उलट सोपे आहे. ५० टक्क्यांपर्यंत तीव्रता आणि साधारण ८० अंशांपर्यंत तापमान असेल तर ३०४ चालतो. शंभर अंशांच्या पुढे तीव्र कॉस्टिकही स्टेनलेसला तडकवते, तिथे निकेल मिश्रधातू लागतो. पेरॉक्साइड ब्लीचिंगला ३०४ आणि ३१६ दोन्ही ठीक.

### स्टीम आणि थर्मिक ऑइलच्या लाइनला एसएस बोल्ट लावले, गार असताना घट्ट होते, गरम झाल्यावर गळते. बोल्ट खराब आहेत का?

बोल्ट चांगले आहेत, जागा चुकली आहे. फ्लँज कार्बन स्टीलची आणि बोल्ट स्टेनलेसचा असला की गरम होताना बोल्ट फ्लँजपेक्षा जास्त लांबतो आणि आवळण स्वतःच सैल करतो.

आकड्यांत पाहू. बोल्टची आवळलेली लांबी १०० मिमी धरा. ए२-७० बोल्ट प्रूफ स्ट्रेसच्या ६० टक्क्यांपर्यंत, म्हणजे २७० एमपीएपर्यंत आवळला की तो सुमारे ०.१४ मिमी ताणला जातो. सांधा घट्ट ठेवणारी सगळी शक्ती एवढ्याशा ताणण्यात साठवलेली असते. आता लाइन ३० अंशांवरून २३० अंशांवर गेली, म्हणजे २०० अंश वाढली. स्टेनलेस दर अंशाला मीटरमागे सुमारे १७.५ मायक्रॉन वाढते, कार्बन स्टील सुमारे १२.३. शंभर मिमीवर स्टेनलेस ०.३५ मिमी वाढले आणि फ्लँज ०.२५ मिमी. फरक ०.१० मिमी. ०.१४ मधून ०.१० गेले, उरले ०.०४. गॅस्केट आणि फ्लँज थोड्या परत फुगतात त्यामुळे प्रत्यक्षात नुकसान जरा कमी होते, पण अर्ध्याहून जास्त आवळण गेलेलीच असते. शिवाय गरम झाल्यावर बोल्टची ताकदही कमी होते.

अशा वेळी फिटर गरम लाइनवर पान्हा घेऊन नट आणखी ओढतो. लाइन बंद होऊन गार झाली की बोल्ट फ्लँजपेक्षा जास्त आकसतो, बोल्टवर नको तेवढा ताण येतो आणि गॅस्केट चेपते. पुढच्या वेळी चालू केली की गळती आधीपेक्षा जास्त.

कार्बन स्टीलच्या लाइनला बी७ स्टड आणि २एच नट लावा. बी७ हा क्रोम-मॉली स्टीलचा, त्याचा प्रसरणाचा दर फ्लँजसारखाच, ताणशक्ती ८६० आणि यील्ड ७२० एमपीए. साधारण ४२५-४५० अंशांपर्यंत तो चालतो. बाहेरून गंजेल ही भीती असेल तर कोटिंग केलेले बी७ मिळतात. थर्मिक फ्लुइडच्या लाइनवर हा नियम अजिबात मोडू नका. २५०-३०० अंशांचे तेल गळून इन्सुलेशनमध्ये मुरले की आग लागते. तिथे ग्रॅफाइट भरलेले स्पायरल वाउंड गॅस्केट आणि बी७ ही जोडी घ्या.

फ्लँजच स्टेनलेसची असेल तर गणित उलटते. बी७ बोल्ट कमी वाढतो, फ्लँज जास्त, आणि गरम होताना गॅस्केट चिरडले जाते. तिथे बोल्टही स्टेनलेसच हवा. फ्लँज एका बाजूला एसएस आणि दुसऱ्या बाजूला एमएस (माइल्ड स्टील, साधे लोखंड) असेल, किंवा बोल्ट बदलणे शक्यच नसेल, तर आवळलेली लांबी वाढवणारी स्लीव्ह किंवा डिस्क स्प्रिंग वॉशर घालून फरक सोसता येतो. लांब बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून तेवढाच फरक त्याला कमी लागतो.

### कोणता ग्रेड किती तापमानापर्यंत?

इथे दोन वेगळे आकडे आहेत आणि दुकानात ते एकच करून सांगतात. ३०४ हवेत ८७०-९२५ अंशांपर्यंत पापुद्रे न निघता टिकतो, हे खरे. पण तो त्या तापमानाला आवळून धरत नाही. त्या आकड्यावर विसंबून भार असलेला सांधा बांधू नका.

ए२ आणि ए४ च्या ७० व ८० वर्गाचा प्रूफ स्ट्रेस १०० अंशांवर मूळच्या ८५ टक्के, २०० वर ८०, ३०० वर ७५ आणि ४०० वर ७० टक्के राहतो. ४०० च्या पुढे थंड ओढून मिळवलेली कडकपणाची ताकद हिशेबातच धरू नका, बोल्ट नरम झाला असे समजा. ४२५ ते ८५० अंशांच्या पट्ट्यात साध्या ३०४-३१६ मधले क्रोमियम कार्बनशी जुळून कणांच्या सीमेवर जमते. बोल्ट गार होऊन ओला झाला की तिथून गंज आत शिरतो. या पट्ट्यासाठी टायटॅनियम घातलेला ३२१ किंवा निओबियम घातलेला ३४७ घ्या, ए१९३ मध्ये त्यांची नावे बी८टी आणि बी८सी. कार्बन ०.०३ टक्क्यांवर आणलेला ३०४एल किंवा ३१६एल वेल्डिंगसाठी उत्तम, पण त्या तापमानात महिनोन्महिने ठेवायला पुरेसा नाही, आणि ताकदही कमी.

भार, गंज आणि ५००-६५० अंश असे सगळे एकत्र असेल तर ए४५३ मधला ग्रेड ६६०, ज्याला ए-२८६ म्हणतात. हा २५ टक्के निकेल, १५ टक्के क्रोमियमचा, उष्णता प्रक्रियेने कडक केलेला. ताणशक्ती ८९५ एमपीए, आणि प्रसरण स्टेनलेसच्या जवळचे. महाग आहे, म्हणून खरी गरज असेल तिथेच.

भट्टीच्या आतले, कमी भाराचे हुक, क्लिप, कॉइलचे आधार यांसाठी ३१०, म्हणजे २५ टक्के क्रोमियम, २० टक्के निकेल. हा हजार अंशांच्या पुढेही पापुद्रे धरत नाही. एक काळजी: ६०० ते ९०० अंशांत बराच काळ राहिलेला ३१० गार असताना ठिसूळ असतो. शटडाउनमध्ये त्यावर हातोडा मारू नका, नाहीतर शेजारचे आधारही फुटतील. ग्राइंडरने कापा.

### साखर कारखान्यात कुठे काय?

गळीत हंगामात दुरुस्तीला वेळ मिळत नाही, म्हणून इथली निवड पावसाळ्यातल्या ओव्हरहॉलिंगलाच व्हायला हवी.

सल्फिटेशनच्या (उसाचा रस सल्फर डायऑक्साइडने साफ करण्याच्या) टाकीवर ओला सल्फर डायऑक्साइड असतो, तिथे ३१६ घ्या. ३०४ एखादा हंगाम काढतो, पुढच्या वेळी आटे खाल्लेले दिसतात. सल्फर बर्नरनंतरच्या पाइपमध्ये वायू कोरडा आणि गरम असेपर्यंत त्रास कमी. जिथे तो गार होऊन ओलावा धरतो त्या वळणांवरच्या फ्लँज सगळ्यात आधी जातात, त्या दर वर्षी उघडून पाहा.

इव्हॅपोरेटरच्या (रस आटवणारे पात्र) बॉडीवर धोका रसाचा कमी आणि सफाईचा जास्त. नळ्यांवर बसलेला क्षारांचा थर काढायला कॉस्टिकनंतर हायड्रोक्लोरिक ॲसिड फिरवले जाते. मॅनहोलच्या आणि साइट ग्लासच्या बोल्टांच्या खाचेत ते राहते आणि बॉडी पुन्हा शंभर अंशांवर गेली की तडकण्याची तयारी पूर्ण. शक्य असेल तर स्टेनलेस नळ्यांसाठी सल्फॅमिक ॲसिड वापरा. हायड्रोक्लोरिकच वापरायचे असेल तर सोडा ॲशने उदासीन करा, भरपूर पाण्याने धुवा आणि धुतलेल्या पाण्यातले क्लोराइड आत येणाऱ्या पाण्याएवढे उतरेपर्यंत थांबू नका. मॅनहोलचे बोल्ट त्या वेळी काढून वेगळे धुतले तर उत्तम.

डिस्टिलरीतला स्पेंट वॉश (अल्कोहोल काढल्यावर उरणारे सांडपाणी) आम्ल, गरम आणि क्लोराइडयुक्त असतो. साध्या लाइनला ३१६ किमान, आणि जिथे तो आटवून घट्ट केला जातो तिथे २२०५. स्पेंट वॉश जाळणाऱ्या बॉयलरच्या गरम भागात पोटॅशियम आणि क्लोराइडची चिकट राख बसते. तिथे ३१० सुद्धा फार दिवस टिकत नाही, म्हणून बदलायचा संच आधीच आणून ठेवा.

कोजनरेशनच्या (कारखान्यातल्या वीजनिर्मितीच्या) मुख्य स्टीम लाइनवर, ४८५ ते ५४० अंशांच्या सुपरहीटेड वाफेला, स्टेनलेस बोल्ट लावण्याचा विचारही करू नका. तिथे पाइपच क्रोम-मॉलीचा असतो आणि बोल्ट ड्रॉइंगमध्ये दिलेलाच, बहुधा बी१६ (क्रोम-मॉली-व्हॅनेडियम) किंवा त्याहून वरचा. आयबीआरखाली (इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स) येणाऱ्या लाइनवर ग्रेड परस्पर बदलता येत नाही, आणि प्रमाणपत्राशिवायचा स्टड तिथे कितीही चांगला दिसला तरी चालत नाही.

### नट अर्ध्यावर जाऊन जाम होतो, ना पुढे ना मागे. काय चुकते?

स्टेनलेसच्या अंगावर क्रोमियम ऑक्साइडचा जो पातळ थर असतो तोच त्याला गंजापासून वाचवतो. आट्यांवर दाब येऊन तो घासला गेला की उघडा धातू उघड्या धातूला चिकटतो, अक्षरशः जुळून जातो. जितके जास्त ओढाल तितका घट्ट. यालाच गॉलिंग म्हणतात.

कारणे ठरलेली आहेत: इम्पॅक्ट गनने वेगात फिरवणे, आट्यांत वाळू किंवा बुरा, कोरडे आटे, आणि नट-बोल्ट दोन्ही अगदी एकाच ग्रेडचे आणि एकसारखे मऊ. त्यावर नायलॉक (आत नायलॉनचे कडे असलेला) नट असेल तर नायलॉनच्या घर्षणाने गरम होऊन आणखी लवकर पकडतो. शिवाय नायलॉन १२० अंशांच्या आसपास निकामी होते, त्यामुळे गरम जागी नायलॉक घेऊच नका.

आटे ब्रशने साफ करा, हा ब्रश स्टेनलेसचाच हवा. लोखंडी ब्रश घासला की लोखंडाचे कण चिकटतात आणि दुसऱ्या दिवशी बोल्टवर लाल डाग उठतात, ते पाहून लोक ग्रेडवर शंका घेतात. मग निकेलयुक्त अँटिसीझ पेस्ट आट्यांवर आणि नटाच्या बसणाऱ्या तोंडावर, दोन्हीकडे लावा. नुसत्या आट्यांवर लावून पुरत नाही, कारण पान्ह्याची जवळपास निम्मी मेहनत त्या तोंडाखालीच जाते. पेस्ट क्लोराइड, सल्फर आणि शिसे कमी असलेली असावी. ग्रीस ३०० अंशांवर जळून जाते आणि तिची राख नट धरून ठेवते. नट हाताने शेवटपर्यंत फिरतो का ते आधी पाहा, मग सावकाश पान्ह्याने आवळा. फिरवताना खरखर जाणवली की तिथेच थांबा, उलट फिरवून काढा. जोर लावून पुढे नेलेला नट कापूनच काढावा लागतो.

### टॉर्क किती द्यायचा?

ए२-७० आणि ए४-७० साठी, प्रूफ स्ट्रेसच्या ६० टक्के आणि अँटिसीझ लावलेले (घर्षणाचा गुणक के ०.१६) धरून: एम१२ ला ४४, एम१६ ला १०८, एम२० ला २१२ न्यूटन-मीटर. हे सुरुवातीचे आकडे आहेत. गॅस्केटवाल्याने वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा.

तोच १०८ न्यूटन-मीटर कोरड्या एम१६ ला दिला तर के ०.३ पर्यंत जातो आणि बोल्टवर ४२ किलोन्यूटनऐवजी सुमारे २२ च येतो. टॉर्क रेंच "टक" करतो, सांधा मात्र अर्धाच आवळलेला. पेस्ट आणि टॉर्क यांची जोडी म्हणूनच तोडायची नाही.

समोरासमोरच्या क्रमाने आवळा: पहिल्या फेरीत ३० टक्के, दुसऱ्या फेरीत ६०, तिसऱ्या फेरीत पूर्ण, आणि शेवटी ओळीने एक गोल फेरी. चार तास थांबून, लाइन गार आणि दाबरहित असतानाच, पुन्हा एकदा पूर्ण टॉर्क तपासा. तोपर्यंत गॅस्केट बसलेले असते. दाबाखालची गरम लाइन आवळू नका.

### चुंबक लावून एसएस ओळखता येते का?

भरवशाने नाही. चांगला ३०४ थंड ओढल्यावर थोडा चुंबकाला चिकटतो. आणि स्वस्त २०१, २०२ किंवा जे-४ च्या मालाला चुंबक लागत नाही, तरी त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त असते आणि रंगाई खात्यात तो लवकर गंजतो. चुंबक जोरात चिकटला तर माल ऑस्टेनिटिक (३०४-३१६ सारख्या रचनेचा) नाही, एवढेच खात्रीने म्हणता येते.

३१६ आहे का, हे पाहायला मॉलिब्डेनमचे थेंब-किट मिळते. मोठ्या लॉटला पीएमआय (धातूतले घटक ओळखणारी) गन मारून घ्या. ही एक्स-रे गन कार्बन मोजत नाही, म्हणून ३१६ आणि ३१६एल यांतला फरक तिला कळत नाही. त्यासाठी स्पेक्ट्रो लॅब.

### एसएस बोल्टला गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेला) नट चालतो?

गरम जागी अजिबात नाही. जस्त ४१९ अंशांना वितळते आणि वितळलेले जस्त ताणाखालच्या स्टेनलेसमध्ये शिरून त्याला फोडते. गार जागी फोडणार नाही, पण जस्त लवकर खाल्ले जाईल.

### एमएसच्या स्ट्रक्चरला एसएस बोल्ट लावला तर एमएस गंजेल?

मोठे एमएस आणि छोटा एसएस बोल्ट असेल तर त्रास सहसा किरकोळ, वॉशरच्या आसपास रंग मारून ठेवा. उलटे, म्हणजे मोठ्या एसएस टाकीला एमएसचा छोटा बोल्ट, हे टाळा. मोठ्या अंगाचा सगळा मार त्या एका बोल्टवर येतो.

### काढलेले बोल्ट परत लावावेत का?

गार पाण्याच्या लाइनवरचे, आटे साफ असतील तर लावा. ४०० अंशांच्या वर चाललेले नाही. क्लोराइडच्या पाझराखालचे तर डाय पेनिट्रंट साफ निघाला तरी नाही. बाकीच्यांची लांबी नव्या बोल्टशी मोजून पाहा, नवा नट हाताने सगळ्या आट्यांवरून फिरतो का ते पाहा. कुठे अडकला तर बोल्ट तिथे ताणला गेलेला आहे.

### खरेदीच्या ऑर्डरवर काय लिहावे?

"एसएस बोल्ट ५/८" एवढ्यावर कधीही ऑर्डर देऊ नका. मानक आणि ग्रेड (उदाहरणार्थ ए१९३ बी८एम, क्लास २, नट ए१९४ ८एम), मापे आणि आट्यांची पिच, पूर्ण आटे की अर्धे, लांबी नटाबाहेर दोन-तीन आटे उरतील अशी, रोल केलेले आटे, डोक्यावर ग्रेड आणि उत्पादकाची खूण, आणि ईएन १०२०४ चे ३.१ प्रमाणपत्र ज्यावर हीट नंबर (धातूच्या वितळणीचा क्रमांक) असेल. माल आल्यावर तो हीट नंबर बॅगवरच्या नंबराशी जुळतो का ते स्टोअरमध्येच पाहा. नट आणि बोल्ट वेगवेगळ्या दुकानांतून घेतले तर दोन्हींचे प्रमाणपत्र मागा.

स्टोअरमध्ये एसएसचे डबे एमएसच्या शेजारी उघडे ठेवू नका, ग्राइंडिंगच्या ठिणग्या उडतात त्या बाजूला तर नाहीच. प्रत्येक ग्रेडचा डबा वेगळा, झाकण लावून, वर ग्रेड आणि हीट नंबर मार्करने लिहून ठेवा. शटडाउनमध्ये उरलेले सुटे बोल्ट "कुठलेतरी एसएस" म्हणून एका डब्यात टाकले जातात. त्यांच्या डोक्यावरची खूण वाचता येत नसेल तर ते पंखा किंवा गार्ड बसवायला वापरा, दाबाच्या लाइनवर नाही.